गप्प बसलेला भोंगा

भाजीबाजारात लिलाव पुकारणाऱ्या त्या माणसाला सगळे भोंगा म्हणत, आणि त्याला त्याचं काही वाटत नसे. उलट कुणी खऱ्या नावाने हाक मारली तर तो मागे वळूनही बघत नसे. दुसऱ्या कुणाला तरी बोलावत असतील असंच त्याला वाटे. पहाटे मालाच्या गाड्या रिकाम्या झाल्या की पत्र्याच्या लांबलचक छपराखाली क्रेटच्या रांगा लागत. भोंगा एक रिकामा क्रेट उलटा घालून त्यावर उभा राही आणि एका दमात कोबीची बोली दहा-बारा आकडे वर चढवून खाली उतरे. बाजारात लाउडस्पीकर होता, पण तो कुणाची चावी सापडली, कुणाची गाडी आडवी लागली, एवढं सांगण्यापुरता. लिलावाला तो लावायचा म्हणजे भोंग्याला अपमान वाटे. त्याच्या मते ते मापात मारण्यासारखं होतं.

हाच आवाज तो घरीही आणत असे. मीठ मागितलं तरी ते रस्त्यापलीकडच्या लोकांना कळे. त्याची बायको सांगून सांगून थकली होती की अहो, मी इथेच आहे, हाताच्या अंतरावर. भोंगा हो म्हणे, आणि तो होसुद्धा रस्त्यापलीकडे ऐकू जाई.

त्यांची एकुलती एक लेक परदेशात नोकरीला होती. तिने घर घेतलं आणि दोघांना बोलावलं. बाजार सोडून भोंगा कधी कुठे गेला नव्हता, त्यामुळे जाताना त्याने बदली पुकाऱ्याला इतक्या सूचना दिल्या की त्यांना हो हो म्हणण्यातच त्या बिचाऱ्याचा आवाज बसला. लेकीचं घर तिसऱ्या मजल्यावर होतं, भिंती पातळ. पहिल्याच दिवशी खालच्या मजल्यावरची बाई वर आली आणि घरात काही भांडण झालंय का, अशी तिने अगदी अदबीने चौकशी केली. भांडण नव्हतं. भोंगा फोनवर टोमॅटोचा भाव विचारत होता.

दुसऱ्या आठवड्यात त्याला ताप आला. तो म्हणाला, प्रवासाचा शीण आहे. मग खोकला आला, अंग मोडून आलं, तरी शीणच. बायकोला शंका आली ती तापाने नाही, आवाजाने. सकाळी तो पलंगावरून चहा मागत होता आणि स्वयंपाकघरात तिला काही ऐकूच आलं नाही. ती सहज डोकावली तेव्हा त्याचे ओठ हलत होते. ती तशीच लेकीच्या खोलीत गेली आणि म्हणाली, "ऊठ. तुझ्या बाबांनी हळू आवाजात चहा मागितला." लेकीने कपडेसुद्धा बदलले नाहीत, गाडीची किल्ली घेतली.

इस्पितळात त्याला खिडकीजवळची खाट मिळाली. नाकात प्राणवायूची नळी, बोटाला चिमटा, आणि डोक्याशी एक पडदा, ज्यावर आकडे सारखे बदलत. तपासणीत निघाला तो फ्लूच, पण दोन्ही फुफ्फुसांत उतरून बसलेला. खोलीत येणाऱ्या प्रत्येकाने अंगरखा, हातमोजे आणि तोंडावर मास्क चढवलेला असे, त्यामुळे भोंग्याला माणसं फक्त डोळ्यांवरून ओळखावी लागत. पोक्त डोळे नर्सचे, झोपाळू डोळे तरुण डॉक्टरीणबाईंचे. भाषा तर एका अक्षराने कळत नव्हती. लेक जवळ असेल तेव्हा ती सांगे, नसेल तेव्हा सगळा कारभार बोटांवर.

आता बोटांवर आकडे दाखवणं हे भोंग्याच्या हाडीमाशी खिळलेलं. डॉक्टरीणबाई दर फेरीला विचारत, धाप किती लागतेय, शून्य ते दहाच्यात सांगा. लेकीने पहिल्याच दिवशी हे त्याला समजावून दिलं होतं. भोंग्याने दोन बोटं दाखवली. डॉक्टरीणबाईंनी मान हलवली आणि त्या गेल्या. भोंग्याला नवल वाटलं. बाजारात कुणीही पहिला आकडा खरा सांगत नाही. समोरच्याने तो ओढायचा असतो, मग आपण थोडं सरकायचं, असं करत करत खऱ्या भावावर यायचं. पण इथे कुणी ओढेचना. पुढच्या फेरीला त्याने आपणहून तीन बोटं केली. तरी तेच. या देशात लोकांना घासाघीस म्हणून येत नाही, असं त्याने मनाशी ठरवून टाकलं आणि धापा टाकत पडून राहिला. पडद्यावरचे आकडे काठावर होते, आणि माणूस स्वतः तीन म्हणतोय, म्हणून डॉक्टरीणबाई अजून थोडी वाट बघत होत्या.

दुपारी बायको आत आली. नवऱ्याचे खांदे भात्यासारखे वरखाली होत होते आणि तो तीन बोटं वर धरून होता. तिने लेकीला विचारलं, हे काय चाललंय. लेकीने सांगितलं. बायको तिथल्या खुर्चीत मटकन बसली.

"अगं, ते तीन म्हणाले म्हणजे आठ धर," ती म्हणाली. "मला बघायला आले तेव्हा स्वतःचं वयसुद्धा ह्यांनी पाडून सांगितलं होतं."

लेक वडिलांवर वाकली. "बाबा, हा लिलाव नाही. शेवटचा भाव सांगा."

भोंग्याने तिच्याकडे बघितलं. मग दोन्ही हात उचलले, एक अंगठा मिटला आणि बाकीची नऊ बोटं वर केली.

लेक धावत बाहेर गेली. डॉक्टरीणबाईंचे डोळे त्या दिवशी पहिल्यांदाच टक्क जागे दिसले. त्यांनी हातातून रक्त काढून पुन्हा तपासायला पाठवलं, आणि संध्याकाळच्या आत भोंग्याची खाट अतिदक्षता विभागात गेली. तिथे त्यांनी लेकीला समजावलं की आता फुफ्फुसांना विश्रांती द्यायला हवी. झोपेचं औषध देऊ, घशात नळी घालू, काही दिवस श्वास मशीन घेईल. लेकीने हे सगळं, रडू आवरून, वडिलांना सांगितलं. भोंग्याने एकच शब्द विचारला.

"आवाज?"

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, आधी श्वास वाचवू, मग आवाजाचं बघू. भोंग्याने क्षणभर विचार केला. सौदा काही त्याच्या मनासारखा नव्हता, पण समोर दुसरं गिऱ्हाईक नव्हतं. त्याने मान डोलावली.

मशीनवर होता ते दिवस बायको आणि लेक पाळीपाळीने त्याच्याजवळ बसल्या. पोक्त डोळ्यांच्या नर्सनेच बायकोला खुणेने सांगितलं की बोला, त्यांना ऐकू जात असेल. मग बायको बोलू लागली. खालच्या बाईने सूप आणून दिलं, लेक नीट जेवत नाही, इथले नळ कसे उलटे फिरतात, सगळं. लग्नानंतर मधे कुणी तोडल्याशिवाय इतकं बोलायला तिला पहिल्यांदाच मिळत होतं, आणि नेमकं तेच तिला सहन होत नव्हतं. मधेच ती थांबे आणि नवऱ्याने काहीतरी म्हणावं म्हणून वाट बघे. मशीन तेवढं फुसफुस करी.

एकदा ती आली तर त्याला पालथा झोपवलेला. ती घाबरली. नर्सने हातवारे करून सांगितलं की असं झोपवलं की फुफ्फुसं जास्त उघडतात, आकडाही सुधारलाय. लेकीने नीट अर्थ लावून दिल्यावर बायको म्हणाली की घरी ते असेच झोपतात, इतके दिवस उताणे ठेवले हेच चुकलं. लेक त्या दिवशी बऱ्याच काळाने हसली.

त्या औषधाच्या झोपेत भोंग्याला बाजार दिसत होता. ही गोष्ट त्याने पुढे कितीतरी जणांना सांगितली. त्यात तो स्वतःच एका क्रेटमध्ये बसला होता आणि त्याचा लिलाव चालला होता. विकलं जाण्याचं त्याला काही वाटलं नाही. संताप आला तो पुकारणाऱ्याचा. मेलेल्या आवाजात तो आकडे सांगत होता, गिऱ्हाईक जांभया देत होतं, आणि भोंग्याला क्रेटमधून उठून त्याला चार शब्द सुनवायचे होते, पण तोंड उघडत नव्हतं.

हळूहळू फुफ्फुसं निवळली. मशीनचा वाटा कमी होत गेला, आणि एके सकाळी घशातली नळी काढली. भोंगा खोकला, डोळे पुसले, बायकोकडे बघितलं आणि तिला हाक मारली. हाक आली नाही. नुसती हवा आली.

असं होतं, नळी इतके दिवस होती, घसा सुजतो, असं सगळ्यांनी सांगितलं. दोन-तीन दिवसांनी हवेच्या जागी करकर आली, तेल न घातलेल्या दारासारखी. मग आवाजाचे व्यायाम शिकवणारी एक बाई आली. तिच्याबरोबरच्या डॉक्टरांनी नाकातून बारीक कॅमेरा घालून आत पाहिलं. दोन स्वरतंतूंपैकी एक आळसावलाय, दुसरा सुजलाय, असं निघालं. बाईने लेकीमार्फत सांगितलं की आवाज परत येईल, पण पूर्वीचा येईल का, हे आज कुणी सांगू शकणार नाही. तोवर ओरडायचं नाही. कुजबुजायचंही नाही, त्यानेही घशाला ताण पडतो. साधं, मधल्या पट्टीत बोलायचं.

भोंगा गोंधळून तिच्याकडे बघत राहिला. ओरडणं त्याला येत होतं. मधली पट्टी त्याने जन्मात कधी वापरली नव्हती.

त्या दिवसापासून तो भिंतीकडे तोंड करून पडला. जेवण नको, चालणं नको. ठसका लागू नये म्हणून घट्ट केलेलं पाणी चमच्याने पाजायला गेलं की ओठ मिटून घेई. लेक समजूत घालायची: जीव वाचला, बाबा, हे काय थोडं आहे? त्याने करकरत एवढंच म्हटलं की क्रेटवर उभा राहून हे असं बोललो, तर लोक मला भाजीबरोबर विकतील. तो विनोद होता, पण तो हसला नाही, म्हणून कुणीच हसलं नाही.

त्याला उठवलं ते पोक्त डोळ्यांच्या नर्सने. तो साध्या वॉर्डात आल्यावर ती रोज प्राणवायूचा खटका थोडा खाली करी आणि पडद्यावरचा आकडा टिकतो का, बघत उभी राही. त्या सकाळी तिने त्याला दाराकडे बोट दाखवलं: तिथपर्यंत चालायचं. भोंग्याने मान हलवली आणि खाटेशेजारच्या खुर्चीकडे बोट केलं. दुसरी कुणी असती तर तिने खुर्चीवर समाधान मानलं असतं. हिने खुर्चीकडे अशा तुच्छतेने बघितलं, की जणू कुणी तिला सडका कांदा दाखवलाय, आणि पुन्हा दाराकडे बोट केलं. भोंगा उशीवरून जरा वर सरकला. त्याने खिडकी दाखवली. तिने दार सोडलं आणि मधलं कपाट दाखवलं. त्याने हातानेच विचारलं, कपाटापर्यंत गेलो तर बदल्यात काय? तिने साध्या, पातळ पाण्याचा पेला मिळेल अशी खूण केली, अर्थात गिळण्याची परीक्षा पास झाला तर. भोंग्याने हात पुढे केला. सौदा ठरला.

तिचे वडील गुरांच्या बाजारात दलाली करायचे, हे लेकीला नंतर कळलं. भोंग्याला ते सांगावं लागलं नाही. त्याने बायकोला सांगितलं की या अख्ख्या इस्पितळात एकच शहाणं माणूस आहे.

मग रोज घासाघीस चाले. श्वास आत ओढून तीन गोळे वर चढवायचं एक प्लॅस्टिकचं खेळणं होतं. त्यातला दुसरा गोळा चढला तर पलंगाची उशाकडची बाजू उंच, तिसरा चढला तर बाहेरच्या बाकावर उन्हात. कपाटानंतर दार आलं, दारानंतर लांबलचक बोळ. पाय कापत, वॉकर खडखडे, नर्स मागून प्राणवायूचं सिलिंडर ढकलत येई आणि भोंगा मधल्या पट्टीत करकरत बोटाच्या चिमट्यावरचा प्राणवायूचा आकडा पुकारी: ब्याण्णव, त्र्याण्णव, कुणी चौऱ्याण्णव देतंय का? एके दिवशी चौऱ्याण्णव नळीशिवाय आले. नर्सने बोळात टाळ्या वाजवल्या आणि नळी गुंडाळून खिशात घातली.

लेकीच्या घरी परतल्यावरही विमानाची परवानगी लवकर मिळाली नाही. फुफ्फुसं जोर धरू लागेपर्यंत थांबा, असं डॉक्टरीणबाई म्हणाल्या. भोंगा सकाळ-संध्याकाळ तोंड मिटून हुंकाराचे व्यायाम करी, जिने चढे-उतरे. खालची बाई एकदा जिन्यात भेटली तेव्हा तिने लेकीला हळूच विचारलं, आईबाबा परत गेले का, अलीकडे काही ऐकू येत नाही. लेकीने बाजूला उभे असलेले बाबा दाखवले.

आवाज आला, पण भोंगा आला नाही. जाडसर, खरखरीत, शेजारच्या खोलीपर्यंत पोचेल असा आवाज. आणि दम आखूड. चार-पाच आकडे म्हटले की थांबून हवा घ्यावी लागे. त्याच आवाजासकट तो मायदेशी परतला.

बाजारात सगळ्यांनी त्याला मिठ्या मारल्या. बदली पुकाऱ्याने लाउडस्पीकर वापरायला सुरुवात केली होती, हे त्याने पाहिलं. बाजारप्रमुख भला माणूस. त्याने भोंग्याला केबिनमध्ये बसवून, चहा पाजून, प्रेमानेच सांगितलं की आता दगदग नको. गेटवर खुर्ची टाकून देतो, सावली आहे, पंखा लावू, येणाऱ्या गाड्या बघायच्या. भोंग्याने चहा संपवला. गेटवरची खुर्ची म्हणजे काय, हे त्याला पक्कं ठाऊक होतं. बाजारातले जे जे त्या खुर्चीत बसले, ते परत आत आले नव्हते.

"एक रांग द्या," तो म्हणाला. "उद्या सकाळी, फ्लॉवरची. नाही जमलं तर खुर्ची मी स्वतः उचलून नेतो."

प्रमुखाला नाही म्हणवलं नाही.

सकाळी बायको पाण्याची बाटली घेऊन त्याच्याबरोबर बाजारात आली. इतक्या वर्षांत ती पहिल्यांदाच तिथे पाय ठेवत होती. भोंगा उलट्या क्रेटवर चढला. समोर नेहमीचे घेणारे, चिखलाने भरलेले बूट, कानाला पेन्सिली. मागून कुणीतरी म्हणालं की भोंग्याची बॅटरी उतरलीय, आणि हशा पिकला. भोंगाही हसला. मग त्याने पहिल्या ढिगावर हात ठेवला आणि सुरुवात केली. आवाज तिसऱ्या ओळीपर्यंत पोचला आणि तिथेच बसला. मागचे लोक पुढे सरकले, ऐकू येईना म्हणून. वीस, एकवीस, बावीस, तेवीस. आणि दम संपला.

पूर्वी त्याच्या लिलावात सुई टाकायला जागा नसे. आता मधोमध एक भलं मोठं भोक पडलं. पण आवाजाच्या बाईने बजावलं होतं: घाई करायची नाही, लांब कुठेतरी एका ठिकाणी नजर लावायची, पोट फुगवून नाकाने हवा घ्यायची. त्याने गर्दीच्या डोक्यांवरून मागच्या खांबावर नजर लावली आणि सावकाश हवा घेऊ लागला.

पुढच्या ओळीत एक खरेदीदार होता, त्याला सगळे पावशेर म्हणत, कारण बोली वाढवायची झाली तर तो कमीत कमी वाढवी आणि तीही जीव गेल्यासारखी. तेवीस त्याचेच होते. भोंगा गप्प होऊन मागे बघतोय हे दिसताच पावशेरने मान वळवली. खांबापाशी कोण उभं आहे ते त्याला दिसेना. तिकडून कुणीतरी बोट वर केलं असणार. त्याने पुन्हा भोंग्याकडे पाहिलं. भोंगा अजून तिकडेच बघत होता.

"चोवीस," पावशेर म्हणाला.

स्वतःच्याच बोलीवर त्याने स्वतः बोली चढवली होती, आणि ते त्याच्या लक्षातही आलं नाही. दुसऱ्या ढिगाला तेच झालं. भोंगा पाच आकडे म्हणाला, खांबाकडे बघून श्वास घेऊ लागला, आणि समोर चुळबुळ सुरू झाली. कुणी टाचा उंचावून मागे बघितलं, कुणी घाईघाईने आकडा वाढवला. तिसऱ्या ढिगाला भोंग्याच्या ध्यानात आलं की काय चाललंय. त्याला एकदम लाज वाटली. आयुष्यभर त्याने घसा फोडून भाव चढवला, पण खोटा घेणारा कधी उभा केला नव्हता.

"अरे, मागे कुणी नाही," तो आपल्या मधल्या पट्टीत म्हणाला. "मी श्वास घेतोय."

पावशेरच म्हणाला, "जा रे. आम्हाला शिकवतोस? तू आणि श्वास? आजवर कधी घेतलास?"

सगळी रांग खदखदून हसली, आणि विश्वास कुणीच ठेवला नाही. भोंग्याने पुन्हा एकदा, मग तिसऱ्यांदा खरं सांगितलं. जितकं सांगे तितकी त्यांची खात्री पटे की खांबामागे बाहेरगावचा कुणी बडा व्यापारी लपून माल उचलतोय. शेवटी बाजारप्रमुख स्वतः येऊन खांबाभोवती एक चक्कर मारून गेला. परत येऊन त्याने बायकोला, ती बाटली घेऊन उभी होती तिला, हळूच विचारलं की खरंच कुणी आहे का तिकडे. ती म्हणाली, "नाही हो, त्यांना दम लागतो." प्रमुखाने तिच्याकडे असं बघितलं, की जणू म्हणत होता, ही नवऱ्यासारखीच पक्की निघाली.

फ्लॉवरची रांग संपली तेव्हा लाउडस्पीकरवरच्या रांगेपेक्षा तिचा भाव चांगलाच वर गेला होता. प्रमुखाने हमालांना हात केला आणि त्यांनी टोमॅटोचे क्रेट ढकलत भोंग्यासमोर आणून लावले. भोंगा दोन घोट पाणी प्यायला, पहिल्या ढिगावर हात ठेवला, आणि नाकाने सावकाश हवा घेऊ लागला. पावशेरने लगेच मागे वळून बघितलं.